'घरटे' कुठे लिहावे आणि कुठे लिहू नये

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे तपासायला आलेल्या एका अनुवादात एका मुलाचा पाय 'मुंग्यांच्या घरट्यावर' पडला होता, पुढच्याच प्रकरणात त्याने 'गांधीलमाश्यांच्या घरट्याला' दगड मारला होता आणि शेवटी त्याच गोष्टीतला एक खलाशी जहाजाच्या 'कावळ्याच्या घरट्यात' चढून किनारा शोधत होता. तिन्ही वाक्ये व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होती आणि तिन्ही मराठी कानाला खटकत होती. मूळ इंग्रजीत तिन्ही जागी 'नेस्ट' हा एकच शब्द होता. शब्दकोशात त्याच्यासमोर पहिला शब्द 'घरटे' असल्यामुळे अनुवादकाने तो डोळे मिटून तिन्हीकडे बसवला होता.

असे प्रसंग इतक्या वेळा येतात की या एका शब्दाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. अनुवादक, शालेय मजकूर लिहिणारे शिक्षक, पक्ष्यांविषयी हौसेने लिहिणारे लेखक आणि बातमीदार या सर्वांना पुढील विवेचन उपयोगी पडावे. मुख्य सूत्र एवढेच आहे की मराठी भाषा प्राण्याच्या घराला नाव देताना ते कोणाचे आहे, कशाचे केले आहे आणि राहणाऱ्याने ते स्वतः केले की आयते मिळवले, हे पाहते. म्हणून 'घरटे' लिहिण्यापूर्वी हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. बहुतेक वेळा शब्द आपोआप सुचतो.

मूळ शब्द आणि त्याची रूपे

'घरटे' हा नपुंसकलिंगी शब्द आहे. ते घरटे, ती घरटी, घरट्यात, घरट्याला, अनेकवचनी घरट्यांत, घरट्यांना. 'घरटीत पिले होती' असे लिहिलेले अधूनमधून दिसते, ते चूक आहे. अनेक घरटी असली तरी 'घरट्यांत' असेच लिहावे लागते. बोलण्यात आपण 'घरटं' म्हणतो आणि संवादात तसे लिहायलाही हरकत नाही, मात्र एकाच परिच्छेदात निवेदनात 'घरटं' आणि 'घरटे' अशी दोन्ही रूपे मिसळू नयेत.

'घरटी' या रूपाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो पक्ष्यांशी मुळीच संबंधित नाही. 'घरटी एक माणूस श्रमदानाला आला' किंवा 'गणपतीसाठी घरटी दोनशे रुपये वर्गणी ठरली' या वाक्यांत 'घरटी' म्हणजे प्रत्येक घरामागे. ग्रामीण बोलीतला हा शब्द नेमका आणि सुटसुटीत आहे. शहरी लेखक त्याऐवजी 'प्रत्येक कुटुंबामागे' असे लांबलचक लिहितात, त्यांनी तो पुन्हा वापरात आणावा असे माझे मत आहे. तिसरी गल्लत 'घिरट्या'शी होते. घार आकाशात घिरट्या घालते. 'घारीने घरट्या घातल्या' असे छापून आलेले मी पाहिले आहे, आणि ते वाचताना घारीने अंड्यांऐवजी काय घातले असेल, असा प्रश्न पडतो.

'घरटे' हा शब्द सर्वांत नेमका बसतो तो काड्या, गवत, पिसे, चिंध्या गोळा करून पक्ष्याने स्वतः रचलेल्या वाटीला. कावळ्याचे घरटे, बुलबुलाचे घरटे, बगळ्याचे घरटे. मुंबईसारख्या शहरात कावळे काटक्यांच्या जोडीला तारांचे तुकडेही वापरतात, तरी ते घरटेच राहते, कारण रचण्याची रीत तीच असते. गंमत अशी की आपल्या सर्वांना लहानपणी ऐकवलेल्या चिऊकाऊच्या गोष्टीत घरटे नसतेच. तिथे चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे घर शेणाचे असते. लहान मुलांसाठी लिहिताना हे लक्षात ठेवावे. गोष्टीतला पक्षी माणसासारखा बोलू लागला की त्याच्या घरट्याचे 'घर' होते, आणि दार लावणे, कडी काढणे ही क्रियापदे तिथे शोभतात.

खोपा, आणि तो विणणारा

सुगरणीच्या घरट्याला 'खोपा' म्हणतात. शाळेतल्या कवितेमुळे हा शब्द सर्वांना माहीत झाला, पण त्यामुळेच तो आता कोणत्याही पक्ष्याच्या घरट्याला लावला जातो. 'चिमणीने वळचणीला खोपा केला' हे वाक्य गोड वाटत असले तरी माझ्या मते टाळावे. खोपा झाडाला लोंबकळतो, तो विणलेला असतो आणि त्याचे तोंड खाली असते, हे चित्र त्या शब्दात आहे. चिमणी वळचणीच्या खाचेत गवत कोंबते, तिचे ते घरटे.

सुगरणीविषयी लिहिताना लिंगाचा एक घोटाळा हमखास होतो. शब्द स्त्रीलिंगी आहे, स्वयंपाकात निपुण असलेल्या स्त्रीलाही आपण सुगरण म्हणतो, त्यामुळे लेखक बेधडक 'सुगरण आपल्या पिलांसाठी खोपा विणते' असे लिहून जातो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. पावसाळ्याच्या तोंडावर तो गवताची किंवा शिंदीच्या पानांची लांब पट्टी चोचीने सोलून काढतो, बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला, पुष्कळदा विहिरीच्या वा ओढ्याच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला, तिची गाठ मारतो आणि उलट्या टोपीसारखा अर्धा खोपा तयार करतो. मग मादी येऊन तो पाहते. पसंत पडला तर नर खाली लांब नळीसारखे दार विणून काम पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो. पसंत पडला नाही तर तो अर्धाच लोंबकळत राहतो. विहिरीवरच्या बाभळीला दिसणारे अनेक अर्धवट खोपे हे अशा नापसंतीचे असतात. खोप्याच्या आतल्या भिंतीला ओल्या मातीचे लहान गोळेही लावलेले सापडतात.

मग वाक्य कसे लिहावे? शास्त्रीय मजकुरात 'नर सुगरण खोपा विणतो' किंवा 'सुगरण पक्षी खोपा विणतो' असे लिहावे, म्हणजे व्याकरणही सांभाळले जाते आणि वस्तुस्थितीही. ललित लेखनात 'सुगरणीचा खोपा' ही रूढ जोडी तशीच ठेवावी. तिला हात लावण्याची गरज नाही.

'खोपा' शब्दाला शेजारी बरेच आहेत. नऊवारी नेसून घातलेला केसांचा खोपा आहे, शेतातली खोप किंवा खोपी आहे, गरिबाचे खोपट आहे. त्यामुळे 'तिने सुंदर खोपा घातला होता' या वाक्यात बाई कळते आणि 'त्याने सुंदर खोपा विणला होता' या वाक्यात पक्षी कळतो. अर्थ क्रियापदावर ठरतो.

क्रियापद नीट निवडले की वाक्य जिवंत होते

'घरटे बांधणे' हे सगळीकडे चालणारे क्रियापद आहे आणि त्यात चूक काही नाही. तरीही मराठीत कारागिरांची इतकी नेमकी क्रियापदे असताना प्रत्येक पक्ष्याला गवंडी करण्याचे कारण नाही. नर सुगरण विणतो. शिंपी पक्षी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून कापसाच्या किंवा कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याने त्या शिवतो आणि तयार झालेल्या द्रोणात मऊ घरटे करतो. इथे एक बारकावा आहे. शिवतो ती पाने, घरटे त्यांच्या आत असते. म्हणून 'शिंप्याने घरटे शिवले' यापेक्षा 'शिंप्याने पाने शिवून आत घरटे केले' हे अधिक बरोबर. भिंगरी ओल्या मातीच्या गोळ्या आणून पुलाखाली किंवा छताखाली लिंपते. सुतार पक्षी आणि तांबट झाडाचे खोड कोरतात. नदीच्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू बोगदा खणतात. सुतार आणि शिंपी ही नावे त्यांच्या कामावरून आली आहेत, मात्र तांबटाचे नाव तांब्याच्या भांड्यावर हातोडा पडावा तशा त्याच्या 'टुक् टुक्' आवाजावरून आले आहे. त्याला घरट्याशी जोडून वाक्य रचले तर जाणकार वाचक हसेल.

कोरलेल्या किंवा आपोआप झालेल्या पोकळीला 'ढोली' म्हणावे. पोपट, पिंगळा, मैना ढोलीत राहतात. 'पोपटाचे घरटे' असे म्हटले तरी चालते, पण 'पोपटाची ढोली' म्हटल्यावर झाड डोळ्यांसमोर उभे राहते. धनेशाच्या बाबतीत तर ढोलीशिवाय दुसरा शब्द सुचूच नये. मादी ढोलीत शिरते आणि दाराला माती व विष्ठेचा लेप देऊन एक अरुंद फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना फळे भरवतो. तिथे काड्यांची रचना नसतेच, त्यामुळे 'धनेशाने घरटे बांधले' या वाक्यातला एकही शब्द खरा ठरत नाही. खंड्या आणि वेडा राघू यांच्यासाठी 'बीळ' लिहावे. उंदरामुळे हा शब्द हलका वाटतो म्हणून काही लेखक बिचकतात, त्यांनी 'दरडीतले बीळ' असे लिहावे. कड्यावर राहणाऱ्या पक्ष्यांसाठी 'कपार' आहे.

टिटवीचे मात्र घरटे शोधायला जाऊ नये. ती उघड्या माळावर, खड्यांच्या रंगात मिसळून जाणारी अंडी जमिनीवरच्या उथळ खळग्यात घालते. 'टिटवीने माळावर अंडी घातली' एवढे पुरेसे आहे.

संध्याकाळी पक्षी कुठे परततात

'सूर्य मावळतीला गेला आणि पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतू लागले.' शालेय निबंधात हे वाक्य नाही असे वर्ष जात नाही. अडचण अशी की घरटे हे पक्ष्याचे बाराही महिन्यांचे घर नसते. ते अंडी उबवण्यासाठी आणि पिले वाढवण्यासाठी असते. विणीचा हंगाम संपला की बहुतेक पक्षी ते सोडून देतात आणि रात्री फांद्यांवर, बांबूच्या बेटात, विजेच्या तारांवर थव्याने बसतात. या रात्रीच्या मुक्कामाला मराठीत 'रातथारा' म्हणतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी त्यासाठीच 'रातनिवारा' हा शब्द वाचकांपर्यंत नेला, आणि त्याच्या जोडीला बगळ्यांसारखे पक्षी एकत्र वीण करतात त्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे दोन देखणे शब्द दिले. इंग्रजीतून पक्षिविषयक मजकूर आणताना 'वीण वसाहत' हा सरकारी वाटणारा शब्द वापरण्यापूर्वी हे दोन आठवून पाहावेत.

कवितेत किंवा ललित लेखात पक्षी खुशाल घरट्याकडे परतू द्यावेत. तो संकेत आहे आणि वाचक तो संकेत म्हणूनच वाचतो. परिसर अभ्यासाच्या धड्यात किंवा पक्षिनिरीक्षणाच्या अहवालात मात्र डिसेंबरच्या संध्याकाळी हजारो मैना 'घरट्याकडे' जात असतील तर ते वाक्य बदलावे.

पोळे, मोहोळ, वारूळ

आता त्या अनुवादातल्या मुलाकडे वळू. त्याने दगड मारला ते गांधीलमाश्यांचे पोळे होते. लाकडाचे तंतू चघळून केलेल्या कागदासारख्या पदार्थाचे हे पोळे असते आणि त्यात मध नसतो, तरी षटकोनी घरांची रचना असल्यामुळे त्याला पोळेच म्हणतात. मातीची सुबक मडकी करून भिंतीला चिकटवणाऱ्या माशीला मात्र आपण कुंभारीण म्हणतो आणि तिचे असते ते घर. 'कुंभारणीने खिडकीत घर केलंय' असे घराघरांत बोलले जाते. तिथे पोळेही नको आणि घरटेही नको.

मधमाश्यांच्या बाबतीत 'पोळे' आणि 'मोहोळ' या दोन शब्दांत फरक आहे आणि तो शब्दकोशापेक्षा कानाला लवकर कळतो. पोळे म्हणजे मेणाची रचना. मोहोळ म्हणजे ती रचना तिच्यावरच्या माश्यांसकट. म्हणून मोहोळ उठते, पोळे उठत नाही. मध काढून माश्या गेल्यावर मागे 'रिकामे पोळे' राहते, 'रिकामे मोहोळ' असे कोणी म्हणत नाही. आग्या माशीचे एकच मोठे पोळे उंच फांदीला, कड्याला किंवा इमारतीच्या सज्जाला उघड्यावर लटकते, म्हणून 'आग्या मोहोळ' ही जोडी रूढ झाली. सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी करते आणि म्हणूनच तिला पेटीत पाळता येते. पाळलेल्या माश्यांविषयी लिहिताना 'मधपेटी' हाच शब्द वापरावा. फुलोरी माशीचे लहानसे पोळे झुडपात सापडते.

'पोळे' शब्दाची रूपे लिहिताना सावध राहावे लागते. एक पोळे, अनेक पोळी. 'वडाला पाच पोळी लागली आहेत' हे वाक्य शुद्ध आहे आणि पुणेकर वाचकाला ताटाची आठवण करून देणारेही आहे. सामान्यरूप 'पोळ्या' होते, आणि तेच बैलपोळ्याचेही होते. 'पोळ्याला माश्या उठल्या' म्हणजे सणाच्या दिवशी उठल्या की पोळ्यावरच्या उठल्या, हे संदर्भावाचून कळत नाही. शंका येईल तिथे 'मधाचे पोळे' किंवा 'मोहोळ' लिहून मोकळे व्हावे. मोहोळ हे सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाचे नाव आहे आणि आडनावही आहे, पण तिथे गोंधळ सहसा होत नाही.

लाक्षणिक अर्थानेही हे शब्द एकमेकांची जागा घेत नाहीत. आठवणींचे मोहोळ उठते, मनात प्रश्नांचे मोहोळ उठते. मुद्दाम संकट ओढवून घेणारा माणूस आग्या मोहोळाला दगड मारतो. इंग्रजीत याच अर्थाने गांधीलमाश्यांचे नेस्ट येते आणि अनुवादक माशी बदलायला घाबरतात. घाबरू नये. मराठीत चवताळून मागे लागतात त्या आग्या माश्या.

मुलाचा पाय पडला ते वारूळ. 'वारूळ' लिहिताना रू दीर्घ, 'वारुळात' लिहिताना रु ऱ्हस्व. 'बीळ' आणि 'बिळात' यांचाही नियम तोच. शास्त्राच्या दृष्टीने मातीचे ते उंच वारूळ वाळवी उभारते आणि वाळवी मुंग्यांपेक्षा झुरळांना जवळची आहे. तरी रोजच्या भाषेत 'मुंग्यांचे वारूळ' सर्वमान्य आहे आणि कथेत तेच ठेवावे. विज्ञानाच्या लेखात 'वाळवीचे वारूळ' असे स्पष्ट लिहावे आणि जमिनीतल्या एवढ्याशा भोकातून मुंग्यांची रांग निघत असेल तर तिथे 'बीळ' पुरते. नागपंचमीला वारुळाची पूजा होते, कारण सोडलेल्या वारुळात नाग येऊन राहतो अशी समजूत आहे. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण याच निरीक्षणातून आलेली असावी. दुसऱ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडे घालण्याचा इंग्रजी दृष्टांत कुणा घुसखोराला उद्देशून आला असेल, तर त्याचा शब्दशः अनुवाद करण्याआधी या नागोबाचा विचार करावा.

पक्षी नसलेल्यांचे घरटे

पक्ष्यांखेरीज इतर प्राण्यांना 'घरटे' कधीच लावू नये असा नियम मी पूर्वी सांगत असे. तो मी सोडून दिला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू उंच झाडाच्या फांद्यांत काटक्या आणि पानांचे गोल घर करतो, एकाच वेळी अशी अनेक घरे राखतो, आणि भीमाशंकरच्या जंगलात ती दाखवताना 'शेकरूचे घरटे' असेच म्हटले जाते. रचना पक्ष्यासारखी, जागा झाडावर, मग शब्दही तोच. कारण पटण्यासारखे आहे.

समुद्री कासवांच्या बाबतीत मी जास्त काळ अडून बसलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करतात, अंडी घालतात, तो बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पुन्हा त्या खड्ड्याकडे फिरकत नाहीत. यात घरासारखे काय आहे, असे मला वाटे, आणि बातमीतल्या 'कासवाची घरटी' या शब्दांवर मी 'अंड्यांचे खड्डे' असे लिहून ठेवीत असे. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम कामानिमित्त वाचावा लागला. त्यात शिकारीची व्याख्या करताना पक्षी आणि सरपटणारे प्राणी या दोघांचीही अंडी आणि घरटी एकत्र घेतली आहेत. ज्याला धक्का लावणे हा गुन्हा आहे त्याला 'खड्डा' म्हटले की त्याचे महत्त्व उगाच कमी होते. आता मी बातमीत 'कासवाचे घरटे' राहू देतो आणि ते कसे असते हे पहिल्या उल्लेखात सांगावे, एवढी सूचना करतो.

घरट्याच्या व्यापाराचा विषय निघाला तर 'पाकोळी' हा शब्द लक्षात ठेवावा. वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर पाकोळ्या अंधाऱ्या गुहेत स्वतःच्या लाळेपासून घरटी करून ती भिंतीला चिकटवतात. पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचे सूप महाग विकले जाते, आणि त्यापायी इथली घरटी चोरली जात. 'पक्ष्यांच्या घरट्यांचे सूप' असे नुसते लिहिले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर काटक्या उकळत ठेवलेले पातेले येते. म्हणून 'पाकोळीच्या लाळेच्या घरट्यांचे सूप' असे पहिल्यांदा तरी पूर्ण लिहावे.

कोंबडीला घरटे नसते, खुराडे असते. अंडी उबवायला बसलेली कोंबडी खुडूक असते. कोळ्याचे जाळे, वाघाची गुहा, हे शाळेत पाठ केलेले आहेच.

नीड

'नीड' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे आणि आज तो कवितेत किंवा पुण्यातल्या बंगल्यांच्या पाट्यांवर दिसतो. रोजच्या गद्यात 'चिमणीचे नीड' लिहिले तर लेखक गंभीर आहे की थट्टा करतो आहे, हे कळत नाही. तरी या शब्दाची ओळख असावी, कारण इंग्रजी 'नेस्ट' आणि संस्कृत 'नीड' हे एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. 'नि' म्हणजे खाली आणि 'सद्' म्हणजे बसणे, म्हणजेच नीड ही खाली उतरून बसण्याची जागा. 'उपनिषद्' या शब्दात तेच 'नि' आणि तेच 'सद्' आहेत, तिथे गुरूजवळ खाली बसणे अभिप्रेत आहे. रवींद्रनाथांनी स्थापन केलेल्या विश्वभारतीच्या ब्रीदवाक्यातही विश्व एका नीडात एकवटते, आणि तिथे 'घरटे' हा घरगुती शब्द त्या उंचीला पुरला नसता.

माणसांची घरटी

माणसाच्या लहानशा, कष्टाने उभ्या केलेल्या घराला 'घरटे' म्हणणे जुने आणि गोड आहे, पण जाहिरातींनी ते इतके वापरले की 'स्वप्नांचे घरटे' वाचले की पुढे चटईक्षेत्राचा आकडा येणार, याची खात्री वाटते. 'घरकुल' या शब्दाचे वेगळेच झाले. पूर्वी तो लाडाचा शब्द होता. आता ग्रामीण महाराष्ट्रात 'घरकुल' म्हणजे सरकारी योजनेतून मंजूर होणारे घर, आणि 'त्याचे घरकुल अडकले आहे' म्हणजे अनुदानाचा हप्ता आलेला नाही. नवविवाहितांच्या 'चिमुकल्या घरकुला'विषयी लिहिताना वाचक कुठला आहे याचा विचार करावा.

मुले परदेशी गेल्यावर मागे राहिलेल्या आईवडिलांच्या अवस्थेला इंग्रजीत रिकाम्या नेस्टची उपमा देतात. 'रिकामे घरटे' आता मराठीतही रुळले आहे आणि मानसशास्त्राच्या लेखात ते ठेवावे. कथेत मात्र पुण्यातली किंवा ठाण्यातली आई स्वतःविषयी 'माझे घरटे रिकामे झाले' असे म्हणणार नाही. ती म्हणेल, 'पिल्लं उडून गेली, आता घर खायला उठतं.' घार आकाशात हिंडते तेव्हाही तिचे चित्त पिलापाशी असते, घरट्यापाशी नव्हे. असल्या बाबतीत मराठी माणूस पिलांविषयी बोलतो.

चोरांचे नेस्ट म्हणजे अड्डा. लाचखोर खात्याला आगर किंवा चरण्याचे कुरण म्हणावे. स्वतःचे नेस्ट पिसांनी सजवणारा अधिकारी मराठीत स्वतःची तुंबडी भरतो. म्हातारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला इंग्रजीत नेस्टमधले अंडे म्हणतात, मराठीत ती पुंजी असते किंवा गाठीशी असलेला पैसा. 'घरट्यातले अंडे' लिहिले तर बँकेच्या पुस्तिकेतला वाचक चक्रावून जाईल.

वस्तू, इमारती आणि जहाजे

एकात एक बसणाऱ्या टेबलांना, डब्यांना किंवा बाहुल्यांना 'एकात एक बसणारे' असेच म्हणावे. इथे 'उतरंड' हा शब्द मोहात पाडतो, पण उतरंडीत मडकी एकावर एक असतात, मोठे खाली आणि लहान वर. एकात एक नसतात. संगणकाच्या आज्ञावलीतला 'नेस्टेड लूप' म्हणजे लूपच्या आतला लूप. गणितातला कंसातला कंस ज्याला कळला त्याला तो लगेच कळतो, आणि शिकवताना साधा कंस, महिरपी कंस, चौकटी कंस यांच्यापासूनच सुरुवात करावी.

विशेषनामे सरसकट भाषांतरित करू नयेत आणि सरसकट सोडूही नयेत. 2008 च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगमध्ये उभारलेल्या मैदानाला चिनी लोक स्वतःच 'पक्ष्याचे घरटे' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि त्याची पोलादी जाळी खरोखरच काटक्यांसारखी दिसते, म्हणून तिथे मराठीत 'घरटे' लिहिणे योग्य आहे. भूतानमधल्या पारोजवळच्या कड्यावरचा 'टायगर्स नेस्ट' नावाने प्रसिद्ध असलेला मठ मात्र 'वाघाचे घरटे' होऊ शकत नाही. वाघाची असते ती गुहा. सहलीच्या पत्रकात तक्त्संग हे स्थानिक नाव द्यावे आणि त्याचा अर्थ 'वाघाची गुहा' असा सांगावा.

राहता राहिला खलाशी. जहाजाच्या डोलकाठीवर टेहळणीसाठी केलेल्या फळ्यांच्या जागेला मराठी वाचकाला कळेल असे 'डोलकाठीवरचे मचाण' म्हणावे. त्या अनुवादात शेवटी तेच छापले.

शेवटची तपासणी

मजकूर पुरा झाला की त्यात 'घरटे', 'घरटी' आणि 'घरट्या' असे तीन वेळा शोधावे आणि प्रत्येक ठिकाणी राहणारा कोण आहे ते पाहावे. त्यानंतर 'पक्षाचे' हा शब्द शोधावा. 'पक्षी' या शब्दाचे सामान्यरूप 'पक्ष्या' होते, म्हणून पक्ष्याचे घरटे, पक्ष्यांची पिले. 'पक्षाचे घरटे' असे लिहिले तर ते राजकीय पक्षाचे होते आणि 'पक्षांचे थवे' म्हटले तर निवडणूक जवळ आल्यासारखे वाटते. मराठीत रोज छापल्या जाणाऱ्या चुकांत ही चूक फार वरच्या क्रमांकाची असावी.

ती एका झटक्यात दुरुस्त करण्याच्या नादात मी एकदा एका दिवाळी अंकाच्या संपूर्ण मजकुरात 'पक्षा'च्या जागी सगळीकडे 'पक्ष्या' करून टाकले होते. पक्ष्यांवरचा लेख निर्दोष झाला. त्याच अंकातल्या राजकीय लेखात मात्र विरोधी पक्ष्यांनी सभात्याग केला, सत्ताधारी पक्ष्याच्या कार्यालयात रात्रभर बैठक चालली, आणि एका ज्येष्ठ नेत्याने पक्ष्यांतर करण्याचे संकेत दिले.